तारेतला ‘ग्रेव्ह’

बाबा,

तुम्ही गेलात त्या वयाच्या पुढे मी केव्हाच येऊन पोचले आहे, तरी तुम्हाला उद्देशून लिहायला घेतलं की अजूनही पाठ आपोआप ताठ होते. आज एका इंग्रजी शब्दाबद्दल लिहायला बसले आहे. त्या हिवाळ्यानंतर तो शब्द आपल्या घरात कुणी मोठ्यानं उच्चारला नाही. तुमचा एक जुना विद्यार्थी मला पुढे वर्ध्यात भेटला होता. तो म्हणाला, धड्यात तो शब्द आला की मास्तर फळ्यावर अर्थ लिहून द्यायचे आणि पुढच्या ओळीवर जायचे, तोंडानं काही बोलायचे नाहीत. त्याला ती तुमची लकब वाटली होती. मी हसून मान डोलावली आणि विषय बदलला.

आपला जिल्हा तेव्हा अजून मध्य प्रदेशातच होता. देवळीत तार आली की पोस्टाचा माणूस सायकल हातात धरून गल्लीतून चालत यायचा आणि प्रत्येक दारातली बाई तो आपलं दार ओलांडून पुढे जाईपर्यंत श्वास धरून उभी असायची. तार इंग्रजीत, आणि इंग्रजी वाचणारी माणसं गावात मोजकी. त्यामुळे ज्याच्या नावची तार असेल त्याला तो परस्पर सांगायचा, “मास्तरकडं जा.” मग ती माणसं आपल्या ओसरीवर येत. तुम्ही चष्मा लावायचे, कागद एकदा मनात वाचायचे, पुन्हा वाचायचे, आणि मगच बोलायचे. मी तुमच्या मागे खांबाला टेकून उभी असायचे. “लिहिलंय तेवढंच सांगायचं,” तुम्ही मला म्हणायचे, “आपल्या पदरचं एक अक्षरही घालायचं नाही.” बहुतेक तारांत ‘सिरियस’ हा शब्द असे. तो एक शब्द देवळीत सगळ्यांना येत होता. तुम्ही तो उच्चारला की बाया खाली बसत. तुम्ही समजावत राहायचे, की अहो, आजारी आहे, जास्त आहे, एवढाच त्याचा अर्थ. पण लोकांनी त्या शब्दाचा अर्थ आपल्यापुरता ठरवून टाकला होता.

मी चौदा वर्षांची होते. वर्गात इंग्रजीत पहिली यायचे, आणि मला वाटायचं, तुमच्यानंतर गावात इंग्रजी येतं ते मलाच.

त्या दिवशी तुम्ही शाळेच्या कामासाठी सकाळच्या मोटारीनं वर्ध्याला गेला होता आणि संध्याकाळी पाचच्या मोटारीनं परत येणार होता. कापूस वेचणीचे दिवस होते, गल्लीतले पुरुष सगळे वावरात. आई चुलीपाशी बसून भाकरी थापत होती. दुपारचा दीड वाजला असावा. दोन घरं सोडून राहणारी वहिनी धावत आपल्या दारात आली. तिचा नवरा नागपूरला कापडाच्या गिरणीत कामाला होता; ती इथे सासूसासऱ्यांजवळ राहायची, सासऱ्यांना मामाजी म्हणायची. लग्नाला तीन वर्षं झाली होती, मूल नव्हतं. ती अंगण सारवत होती, हात कोपरापर्यंत शेणानं भरलेले, म्हणून तार तिनं पदराच्या टोकानं धरून आणली होती. हिरव्या बांगड्यांवर शेणाचे थेंब वाळले होते.

“मास्तर हायेत का वो?”

आई म्हणाली, “नाहीत. पाचला येतील. बस थोडी, पाणी घे.”

“पाच वाजेलोक कशी थांबू मी? मामाजी वावरात गेलेत. सासू आंधळी.” ती माझ्याकडे वळली. “तू वाच न वो बाई. तुले तं येते.”

“तिला नको सांगू,” आई आतून म्हणाली. “ते येऊ दे.”

पण मी हात पुढे केला होता. गुलाबी कागद, त्यावर पेन्सिलीनं लिहिलेले पाच शब्द. सन ग्रेव्ह हॉस्पिटल स्टार्ट इमिजिएटली. सन म्हणजे मुलगा, सासऱ्यांच्या नावावर तार होती. हॉस्पिटल कळलं. ताबडतोब निघा, हेही कळलं. मधला शब्द मी धड्यात वाचला होता. एका सैनिकाचं थडगं, त्यावर फुलं वाहणारी त्याची बहीण. ‘ग्रेव्ह’ म्हणजे थडगं. आपल्यात पुरत नाहीत हे मला माहीत होतं, पण गिरणीतल्या कारकुनाला मसण हा शब्द इंग्रजीत कुठून येणार, असं मी स्वतःला समजावलं. आणि सगळ्यांत मोठा पुरावा मला हा वाटला की तारेत ‘सिरियस’ नव्हतं. नुसता आजारी असता तर ‘सिरियस’ लिहिलं असतं. तो शब्द नाही, म्हणजे पुढचं काहीतरी झालं आहे.

वहिनी माझ्या तोंडाकडे बघत होती. इतक्या जवळून, इतकं एकटक माझ्याकडे तोवर कुणी पाहिलं नव्हतं.

“काय लिवलं हाये?”

“ते गेले,” मी म्हणाले. “दवाखान्यात.”

ती रडली नाही. तिनं कागद परत पदरात घेतला, “बरं,” असं म्हणाली आणि आली त्याच्या उलट, हळूहळू चालत गेली. आई पिठाच्या हातांनी बाहेर आली. तिनं मला विचारलं, “नक्की तसंच लिहिलंय?” मी हो म्हणाले. ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग तशीच वहिनीच्या मागे गेली. मी मागच्या दारात जाऊन उभी राहिले.

वावरातून सासऱ्यांना बोलावून आणलं. ते आले, पाय न धुता ओसरीवर टेकले, कुणीतरी त्यांच्या हातात धोतराची घडी आणि थोडे पैसे दिले, आणि ते तीनच्या मोटारीनं वर्ध्याला, तिथून रेल्वेनं नागपूरला निघाले. मुलाला अग्नी द्यायला. वहिनी मागे लागली होती, “मले बी येऊ द्या.” बाया म्हणाल्या, आता तिथं जाऊन काय करतेस. तार मी बरोबर वाचली असती तर ती त्या मोटारीत सासऱ्यांच्या शेजारी बसली असती. मोटार गेल्यावर बायांनी तिला अंगणात बसवलं. मी तोवर घरात येऊन बसले होते; मला ते दिसत नव्हतं, फक्त ऐकू येत होतं. बांगड्या फुटण्याचा आवाज फार मोठा नसतो. पाटा सरकवावा तेवढाच.

तुम्ही पाचच्या मोटारीतून उतरलात तेव्हा अड्ड्यावरच लोकांनी तुम्हाला सांगितलं होतं. घरात आलात ते टोपी न काढता. आईला काही विचारलं नाहीत. मला म्हणालात, “तारेत काय होतं? शब्द सांग. तुझा अर्थ नको, शब्द सांग.”

मी पाचही शब्द सांगितले.

तुमचा चेहरा तसा मी पुढे फक्त एकदाच पाहिला, तुमच्या शेवटच्या दिवशी. तुम्ही भिंतीला हात लावून उभे राहिलात. मग अगदी हळू आवाजात म्हणालात, “दिवाळीच्या सुट्टीत तुला या शब्दाचे दोन अर्थ सांगितले होते. दुसरा आठवला नाही?”

“नाही,” मी म्हणाले.

तुम्ही मान हलवलीत. रागावला नाहीत. म्हणालात, “चल माझ्याबरोबर.” आणि आपण दोघं त्यांच्या घरी गेलो.

ऊन अजून पुरतं उतरलं नव्हतं. अंगणात बाया बसल्या होत्या. वहिनी भिंतीला टेकून होती. कपाळ पुसलेलं, मनगटावर एका ठिकाणी रक्त. तुम्ही तार मागून घेतलीत, वाचलीत, आणि म्हणालात, “रडणं थांबवा. मुलगा जिवंत आहे. फार आजारी आहे, पण जिवंत आहे.”

मला वाटलं होतं, आता आनंद होईल. कुणी हललंसुद्धा नाही. आंधळ्या सासूनं चाचपडत जमिनीवरचे बांगड्यांचे तुकडे गोळा केले, ओंजळ तुमच्या आवाजाच्या दिशेनं धरली आणि विचारलं, “मंग हे काय झालं, मास्तर? हे कोणाचं झालं?”

तुम्ही तारेची घडी घातलीत.

“कोणं वाचली तार?” तिनं विचारलं.

मी तुमच्या मागे उभी होते. वहिनी माझ्याकडे बघत होती, पण तिनं तोंड उघडलं नाही. तुम्ही म्हणालात, “माझ्या मुलीनं वाचली. पण त्या शब्दाचा हा एकच अर्थ मी तिला शिकवला होता. चूक माझी आहे.”

तुम्हाला खोटं बोलताना मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. गावात दुसऱ्या दिवसापर्यंत माझं नाव उरलंच नाही. मास्तरनं तार उलटी वाचली, एवढंच राहिलं.

तुम्ही वहिनीला सकाळच्या मोटारीनं स्वतः नागपूरला न्यायला तयार होता. पण त्या उघड्या कपाळानं, रिकाम्या हातांनी ती नवऱ्यासमोर कशी जाणार, असं सासू म्हणाली. कासारणीला बोलावणं धाडलं. ती टोपली घेऊन आली, दारात उभी राहिली, वहिनीची मनगटं पाहिली आणि आत पाऊल न टाकता म्हणाली, “मी नाई भरत आज. मले असं कधी कोणं सांगतलं नाई.” ती गेली. वहिनी गेली नाही.

त्या सकाळी तुम्ही मला जवळ बसवून तो जाडा शब्दकोश उघडलात. एकाच पानावर तोच शब्द दोनदा छापला होता, एकाखाली एक, आकडे घालून. तुम्ही म्हणालात, “बघ, हे दोन वेगळे शब्द आहेत. फक्त दिसायला सारखे. हा एक लॅटिनमधून आला. जड, असा त्याचा मूळ अर्थ. आपल्या संस्कृतातला ‘गुरु’ आणि तो एकाच कुळातले. गुरु म्हणजेही जडच. ग्रॅव्हिटीला आपण गुरुत्व म्हणतो ना, तोच हा. ज्याचं दुखणं जड झालं तो ग्रेव्ह. आणि हा दुसरा, तो इंग्रजांच्या जुन्या भाषेतला. त्याचं मूळ खणणं. खणलेला खड्डा, थडगं. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही.” तुमचं बोट पहिल्या शब्दावरून दुसऱ्यावर गेलं आणि तिथेच थांबलं. तुम्ही कोश मिटलात. “यापुढे कुणी तार घेऊन आलं तर सांग, मला वाचता येत नाही.” एवढंच. आयुष्यात तुम्ही मला केलेली ती एकच शिक्षा. पण तिची गरजच पडली नाही, कारण त्यानंतर आपल्या ओसरीवर तार घेऊन कुणी आलंच नाही. लोक कंपाउंडरकडे जायला लागले.

महिन्याभरानं वहिनीचा नवरा घरी आला. न्यूमोनिया होता म्हणे, नागपूरच्या डॉक्टरांनी वाचवला. सासऱ्यांनी त्याला अड्ड्यावरून बैलगाडीत, गवतावर निजवून आणला. गल्लीतली माणसं दारात उभी होती, पण बघायला पुढे कुणी गेलं नाही. वहिनीच्या हातात बांगड्या होत्या. वर्ध्याहून कुणाकडून तरी आणवून तिनं स्वतःच भरल्या होत्या, थोड्या मोठ्या मापाच्या. काम करताना त्या कोपरापर्यंत सरकायच्या.

त्यानंतरचे ते तीन महिने मला आठवतात ते त्याच्या खोकल्याच्या आवाजानं. त्याला ओसरीवर उन्हात बसवत. तो खोकला की विहिरीवरच्या बायांचं बोलणं थांबायचं. थांबला की पुन्हा सुरू. एकदा मी घागर भरत होते, तर एकजण दुसरीला म्हणाली, “चुड्या तं फुटून गेल्या. आता मानूस कसा राहीन वो?” तिनं मला पाहिलं आणि पदर पुढे ओढला. सगळे वाट बघत होते, बाबा. कुणाच्या मनात वाईट नव्हतं, पण वाट बघत होते. वहिनी हळदीकुंकवाला गेली तर तिला बसायला पाट मिळायचा, कुंकू लावायला मात्र कुणाचा हात उचलायचा नाही. तिनं विचारलं की “लावते न, थांब,” असं म्हणून बाई दुसरीकडे वळायची.

तुम्ही रोज शाळेतून येताना त्या ओसरीपाशी थांबायचे. इतर लोक थांबत नव्हते. एकदा मी बरोबर होते. त्याची गालफडं आत गेली होती, डोळे मात्र हसरे. तो म्हणाला, “मास्तर, तुमच्या पुस्तकात पाहून सांगा न, मी जिता हाये का मेलो? घरचे मले दोन्ही समजतात.”

तुम्ही म्हणालात, “जिवंत आहेस. डॉक्टरांनी सांगितलंय, जेव नीट.”

“जेवतो न. पन हे बाई मले वाढते आन माह्याकडं पाहतच नाई. स्वतःच्या हाताकडं पाहते.” मग त्याचं हसू गेलं. “मी नसतो आलो तं बरं होतं. तिचं एक डाव होऊन गेलतं.”

त्या रात्री तुम्ही जेवला नाहीत.

वैशाखात त्याला पुन्हा ताप आला. तुम्ही वर्ध्याहून डॉक्टर आणलात. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं आधीच कमजोर झाली होती. चौथ्या दिवशी सकाळी तो गेला. यात तारेचा काही दोष नव्हता, हे तुम्हाला कळत होतं, मलाही कळत होतं. पण गल्लीत कुणाच्या तोंडावर आश्चर्य नव्हतं. जणू काही महिन्यांपूर्वी ठरलेलं काम उरकलं होतं. बाया पुन्हा तिच्या बांगड्या फोडायला पुढे झाल्या तेव्हा तिनं हात मागे घेतले. “एक डाव फोडल्या न. आता कायले फोडता?” तिनं एकेक बांगडी सरकवून काढली, सगळ्या अखंड, आणि उंबऱ्यावर ठेवल्या. सासूनं तुमच्या नावानं जे म्हटलं ते साऱ्या गावानं ऐकलं. “मास्तरनं माहा पोरगा अगुदरच जाळून टाकला.” तुम्ही तिरडीला खांदा द्यायला गेला होता. तुम्हाला बाजूला व्हायला सांगितलं गेलं. तुम्ही झालात, आणि सगळ्यांच्या मागून, अंतर ठेवून, मसणवटीपर्यंत चालत गेलात. वहिनीला महिन्याभरातच माहेरी धाडलं. ते घर पुढे वीस वर्षं आपल्या गल्लीत होतं आणि वीस वर्षं तुम्ही त्याच्यासमोरून मान खाली घालून गेलात.

आता तुम्हाला माहीत नसलेलं सांगते. मी निवृत्त झाल्यावर वर्ध्याजवळ बोरगाव मेघेला राहायला आले. एकदा डोळे दाखवायला सेवाग्रामच्या दवाखान्यात गेले होते. रांगेत माझ्या पुढे एक म्हातारी होती, पांढरं लुगडं, ताठ कणा. ती वळून माझ्याकडे एकटक बघायला लागली. त्या बघण्यावरूनच मी वहिनीला ओळखलं.

“तू मास्तरची पोरगी न वो?”

आम्ही बाकावर बसलो. ती दाईचं काम शिकली होती. “तुह्या बाबानंच लावलं मले,” ती म्हणाली. “एक डाव आलते माह्या बापाच्या घरी. अंगनात उभे राह्यले, आत आलेच नाई. म्हने, चूक माही होती. मी म्हटलं, मास्तर, मी तं तिथंच उभी होती, तार पोरीनं वाचली. तं म्हने, पोरीले ठावं नोतं. मंग म्हने, दाईचं शिकत असशीन तं मी चिठ्ठी देतो. तीस वर्सं केलं मी थे काम. किती लेकरं झाली माह्या हातावर, मलेच मालूम नाई.”

तुम्ही हे आम्हाला कधी सांगितलं नव्हतं. आईलाही नाही. तिनं माझा हात हातात घेतला. तिची बोटं खरखरीत आणि गरम होती. “मी तुह्यावर राग नाई धरला बाई. लेकरू होतीस तू. तुले कुठून ठावं असन?”

मी म्हणाले, “हो. नव्हतं माहीत.” तेवढ्यात तिचा नंबर पुकारला. ती उठून आत गेली. मी तिची वाट पाहिली नाही. माझा केसपेपर हातात तसाच धरून बाहेर आले आणि मिळाली त्या रिक्षात बसले. दोन वर्षांनी कळलं की ती गेली. तिला सांगायचं राहिलं, म्हणून तुम्हाला लिहिते आहे. तुम्हाला हा कागद मिळणार नाही हे माहीत आहे, म्हणूनच लिहिता येतं आहे.

तार वाचली त्या दुपारी मी मागच्या दारात उभी होते आणि वावरातून तिचे सासरे झपाझप येताना दिसले. त्यांच्या खांद्यावर कापसाचं ओझं तसंच होतं, ते उतरवायचं त्यांना सुचलं नव्हतं. ते वाकलेले पाहिले आणि मला आठवलं. जड. ग्रेव्ह म्हणजे जडसुद्धा. दिवाळीतला तुमचा आवाजही आठवला. वहिनी अंगणात उभी होती, हातातल्या बांगड्या अजून शाबूत होत्या. मी दोन पावलं पुढे टाकलीसुद्धा. मग वाटलं, आता एवढ्या लोकांत जाऊन चुकलं म्हणायचं; आणि वाटलं, पाचला तुम्ही येणारच आहात. मी आत येऊन बसले.

तुम्ही विचारलंत तेव्हा मी नाही म्हणाले. मला आठवलं होतं, बाबा. तीनची मोटार सुटायला अजून पाऊण तास होता.